पळत्या पोरीची नाडी

कारखान्याचं धुराडं पेटलं की आमच्याकडच्या हवेला मळीचा वास येतो. पाहुणेरावळे नाकाला रुमाल लावतात. आम्हाला मात्र तो वास आला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. वास आला म्हणजे गळीत सुरू झालं, उसाच्या कडेनं तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या, ट्रॉल्या रस्त्याला लागल्या, आणि घरातला गडीमाणूस आता कधी येईल नि कधी जाईल याचा काही नेम राहिला नाही. यंदा तो वास आला त्याच सकाळी मी दारात पाणी तापवायची चूल पेटवून बसले होते. गॅस आहे हो घरात, पण अंघोळीचं पाणी मला चुलीवरचंच लागतं. तर बसले होते, आणि रस्त्यावरून पावलं वाजली. धप, धप, धप. पोलीस भरतीच्या पोरी पळत निघाल्या होत्या. तोंडातून वाफा, वेण्या पाठीवर आपटतायत, आणि त्यातल्या एकीच्या मनगटावर हिरवं काहीतरी लुकलुकत होतं. त्या पोरी वळणापलीकडं गेल्या तरी मी फुंकणी हातात धरून तशीच बसून राहिले. पाणी उकळलं, उतू गेलं, तेव्हा भानावर आले.

ते हिरवं लुकलुकणं आमच्या घरात एक सबंध हंगाम राहून गेलंय ना, म्हणून.

तेजल माझी नात. माझा मुलगा बाळू, त्याची ही एकुलती एक लेक. बाळू ट्रॅक्टर चालवतो. हंगामात दोन ट्रॉल्या लावून न्हावऱ्याकडचा ऊस पाटसच्या बाजूच्या कारखान्यावर न्यायचा, तिथं नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टरखालीच पथारी टाकायची, असं त्याचं जिणं. तेजल शिरूरला कॉलेजला जायची एसटीनं, आणि तिच्या डोक्यात एकच, पोलीस व्हायचं. लहानपणी म्हणायची तेव्हा आम्ही हसायचो. मोठेपणी म्हणायला लागली तेव्हा तिची आई, म्हणजे माझी सून मंदा, म्हणाली, “बरं हाय की. निदान नवऱ्याला तरी वचकात ठेवशील.” भरतीला पोरींना आठशे मीटर पळावं लागतं, शंभर मीटर पळावं लागतं, गोळा फेकावा लागतो. या सगळ्याला मिळून पोरं ‘ग्राउंड’ म्हणतात. ग्राउंड काढायचं, ग्राउंड मारायचं, ग्राउंड निघालं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी जमिनीचा सौदा चाललाय.

शिकवायला मेजर होते. सैन्यातून परत आलेला कुठलाही माणूस आमच्याकडं मेजरच, तो तिथं स्वयंपाकघरात असो नाहीतर बंदुकीवर. आमचे मेजर साठीला टेकलेले, अजून हरणासारखे पळतात, आणि शाळेमागच्या माळावर पोरांना पळवतात. त्या हंगामाच्या तोंडाशी एका सकाळी तेच मेजर तेजलला मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागं तिच्या मैत्रिणीला धरायला बसवून, घरी घेऊन आले. पोर पांढरीफटक. पळता पळता डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणे, आणि खालीच बसली.

शिरूरच्या डॉक्टरांनी काळजाची पट्टी काढली. मग काळजाचा फोटो काढून आणा म्हणाले, तोही काढला. काळीज धडधाकट. रक्त मात्र कमी. आमच्या पोरींचं नेहमीचंच की हो ते. भाकरी सगळ्यांना वाढायची, उरली तर आपण, आणि वर पहाटे उठून पळायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, “पळणं बंद करू नका. पण रक्त भरेपर्यंत दमादमानं घ्या. नाडी एकशे सत्तरच्या वर जाऊ देऊ नका काही दिवस. लक्ष ठेवा.”

लक्ष ठेवा! एवढे दोनच शब्द. पण ते कुणाच्या कानात पडले? बाळूच्या.

बाळूचं तुम्हाला सांगायला हवं. त्याचे वडील, म्हणजे माझे मालक, कांद्याच्या वाफ्यात पाण्याची दारं धरता धरता गेले. बाळू तेव्हा शाळकरी, बापाबरोबर पाण्यात उभा होता. त्यांनी छातीला हात लावला, बाळूकडं बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि वाफ्यात बसले. पाणी त्यांच्या भोवतीनं वाहत राहिलं. मी भाकरी घेऊन पोचले तोवर पोरगं बापाचं डोकं मांडीवर धरून बसलं होतं आणि म्हणत होतं, “आये, आबा बोलंनात.” त्यानंतर आमच्या घरात कुणी नुसता छातीला हात लावला, खाजवायला लावला, तरी बाळूचा चेहरा बदलतो. हे तो बोलून दाखवत नाही. मला दिसतं.

मग शिरूरला जाऊन त्यानं घड्याळ आणलं. हातात बांधायचं, खालून हिरवा उजेड येतो, आणि वर काळजाचा आकडा दिसतो. घरात नवीन मिक्सर आला तेव्हा झालं नव्हतं इतकं कौतुक झालं. तेजल झोपली की तिचा आकडा खाली यायचा, साठ, बासष्ट. मंदा तिच्या उशाशी बसून तो बघायची. मला म्हणायची, “आत्या, ही पोटात व्हती तवा डॉक्टरीण ते यंत्र लावून ऐकवायची, आठवतंय? आता पुन्यांदा आल्यावानी वाटतंय बगा.” मला पण त्या घड्याळाचा लळा लागला. पूर्वी आमच्याकडं एक वैद्यबुवा यायचे, तेही मनगटच धरायचे, डोळे मिटून. मनगटात माणसाचं सगळं उतरतं अशी माझी समजूत. निवांत बसलेल्या माणसाचं उतरतही असेल.

पळायला लागली की मात्र घड्याळाचं डोकं फिरायचं.

सावकाश पळतेय, मैत्रिणीशी बोलत पळतेय, आणि घड्याळ म्हणतंय एकशे पंच्याण्णव. जीव खाऊन पळतेय, तर म्हणतंय ब्याण्णव. मध्येच आकडाच नाही. बाळू कारखान्याच्या रांगेतून फोन करायचा. “किती गेलं व्हतं?” तेजल खरं सांगणारी पोर, सांगायची. पलीकडं नुसता ट्रॅक्टरच्या इंजिनाचा आवाज. चौथ्या-पाचव्या वेळी तो म्हणाला, “बास झालं. उद्यापास्नं पळायचं न्हाई.”

“पप्पा, मला कायबी होत न्हाई! दमसुदीक लागत न्हाई!”

“घड्याळ खोटं बोलतंय व्हय?”

“व्हय!”

“आन् तू खरं बोलतीस. तुझे आबाबी म्हनायचे, कायबी होत न्हाई.”

तेजलनं फोन ठेवला आणि गोठ्यात गेली. म्हशीला वैरण टाकताना ती पेंढीसुद्धा अशी आपटत होती की म्हैस दचकून मागं सरली.

पुढचे दिवस घर कसं झालं होतं म्हणून सांगू. कांद्याची लागण चाललेली. बायका वाफ्यात वाकून रोपं टोचत पुढं सरकायच्या, तेजलही त्यांच्यात, सगळ्यांच्या पुढं. संध्याकाळी रस्त्यावरून पोरं पळत गेली की ती मान वर करायची नाही. उलट आणखी खाली घालायची. एकदा एक बाई म्हणाली, “काय गं, पोलिसीन व्हायची सोडलीस का?” तर ही म्हणाली, “कांदंबी कुनी तरी लावाया पायजेत की, मावशी.” हसून म्हणाली. ते हसणं मला भाकरीबरोबर गिळवेना. ग्राउंडची तारीख लागायची होती, ती कधीही लागली असती. पोरीचं आयुष्य असं एका मनगटाएवढ्या यंत्राच्या तोंडाकडं बघत थांबलेलं.

मला या सगळ्यात माझं माहेर आठवायचं. माझे वडील मेंढरं राखायचे. आम्ही दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून निघायचो, घाट उतरून खाली कोकणाकडं, नि पावसाच्या आधी परत. एकदा लांडग्यानं कळप उधळला. एक कोकरू रानभर पळालं आणि सापडलं तेव्हा नुसतं थरथरत उभं. वडिलांनी त्याला उचललं नाही, पाणी पाजलं नाही. त्याच्या पुढच्या पायामागं, फासळ्यांवर, तळवा ठेवून बसून राहिले. मी विचारलं, “आप्पा, काय करताय?” म्हणाले, “उतरतंय का बघतोय.” बराच वेळ तसेच बसले. मग म्हणाले, “उतरलं,” आणि कोकरू माझ्या मांडीवर दिलं. मी हात लावून पाहिला. तळव्याखाली ते एवढंसं काळीज, आता गपगार चाललं होतं, जसं काही झालंच नाही. मेलेलं जनावर नि दमलेलं जनावर यांच्यामध्ये तेवढा एक तळवा असतो, एवढं तेव्हा कळलं. बाकी काही कळलं नाही.

एका रविवारी बाळू घरी होता. जेवणं झाली होती, आणि ते घड्याळ कोनाड्यात पडलं होतं. मला त्याचा राग आला. म्हटलं, “आण ते इकडं. बघू दे माझं किती भरतंय.” तेजलनं माझ्या डाव्या हातात बांधलं. हिरवा उजेड लागला. आणि आकड्याच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा.

“आगं बया,” मंदा पुढं सरकली, “आत्यांचं कायच येईना की!”

तेजलनं पुन्हा बांधलं, घट्ट बांधलं. रेघाच. कितीतरी दिवसांनी पोर फिस्सकन हसली. “आज्जे, तू मेलीस.”

“मेले असते तर तुझ्या बापानं मघाशी दोनदा कालवन मागितलं असतं व्हय?”

बाळूसुद्धा हसला. मग तेजलनं ते माझ्या उजव्या हातात बांधलं, आणि काय सांगू, लगेच शहाण्यासारखा आकडा आला. शहात्तर. पुन्हा डाव्या हातात, रेघा. उजव्या हातात, शहात्तर. आम्ही सगळे त्या खेळात रंगलो. तेवढ्यात मेजर आले. तेजल पळायला का येत नाही ते विचारायलाच आले होते बिचारे, पण दारातून बघतात तर घरभर हसणं. त्यांना मी दोन्ही हात दाखवले. त्यांनी डावा हात धरला, उजेडाकडं वळवला आणि म्हणाले, “मावशी, हे गोंदन बघा की.”

माझ्या डाव्या हातावर मनगटापासून वर गच्च गोंदण आहे. लग्नाच्या आधी आईनं गोंदवून घेतलेलं. तुळस, फणी, ठिपक्यांच्या ओळी. उजव्यावर नुसता एक ठिपका, कारण उजव्याच्या वेळी मी पळून गेले होते.

मेजर म्हणाले, “घड्याळ कातडीत उजेड टाकतंय. आत रगताची लाट येती-जाती, त्याच्यावरनं मोजतंय. मधी शाई आली, उजेड आडला, की ते आंधळं. मधी कायबी आलं तरी आंधळंच.”

मधी काहीही आलं तरी. मी तेजलचा डावा हात ओढून मांडीवर घेतला. तिच्या मनगटावर काळ्या लोकरीचा जाड दोरा होता. ती पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मंदानं देवाला जाऊन आणलेला, गाठी मारून बांधलेला, ग्राउंड होईपर्यंत काढायचा नाही असं बजावलेला. घड्याळ बांधायचं ते त्या दोऱ्यावर. गाठींवर टेकलेलं, एका बाजूनं उचललेलं, खालून उजेड बाहेर सांडणारं. दिवसरात्र आम्ही सगळे त्या मनगटाकडं टक लावून होतो, पण दोरा कुणाला दिसला नव्हता. देवाच्या दोऱ्याकडं कुणी अडचण म्हणून बघतं का? घरात देव्हारा असतो, त्याला कुणी वाटेत आला म्हणतं का?

मंदानं तेजलचं मनगट धरलं. “म्हंजी मी बांदलेल्या दोऱ्यानं पोरीचं पळनं मोडलं?”

 आईनं लेकीच्या जिवासाठी अनवाणी जाऊन आणलेला दोरा हो तो. मी म्हटलं, “दोऱ्यानं न्हाई मोडलं. दोरा त्येचं काम करत व्हता. घड्याळ त्येच्या डोक्यावर आपन बसवलं.”

“आता मी तो सोडायची न्हाई. आन् उजव्या हातात बायका दोरा बांदत न्हाईत.”

“सोडू नगंस. घड्याळ उजव्या हातात जाईल. त्येला काय सोवळं-ओवळं हाय?”

गेलं उजव्या हातात. आणि सुधारलंही पुष्कळ. चालताना, सावकाश पळताना बरोबर सांगायला लागलं. पण जोरात सुटली की पुन्हा तेच, आकडा एकदम वर जाऊन एका जागी चिकटायचा. मेजर म्हणाले, “आता ते काळीज न्हाई मोजत, पाय मोजतंय. हात हलतोय ना पावलाबरोबर. पावलाचाच ठेका त्येला नाडी वाटतोय. जोरात पळायचं आसंल तर छातीचा पट्टा पायजे, मावशी. त्यो उजेडावर चालत न्हाई. काळजाची वीज पकडतोय, दवाखान्यात पट्टी काढत्यात तसल्यातला.” आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा स्वतःचा घेऊन आले. इतके दिवस का नाही आणला विचारलं तर मान खाली घालून म्हणाले, “पोरीच्या जातीला छातीचा पट्टा कसा सांगू, मावशी? म्हनलं, घड्याळावर भागंल.”

हे बघा. ऐन साठीचा फौजी, बर्फात राहून आलेला, आणि या एका शब्दाशी अडला. तेजल तरी काय, ती पण अडलीच. पट्टा छातीच्या उभाराखाली, कातडीला चिकटून बांधायचा. आतली बाजू पाण्यानं ओली करायची, नाहीतर तो पकडत नाही. सैल बांधला तर घसरतो, घट्ट बांधला तर वळ उठतो. पहिल्या दिवशी ती न्हाणीतून बाहेरच येईना. “आज्जे, शर्टातनं दिसतंय गं.” मी बघितलं, काही दिसत नव्हतं. ज्याला दिसतंय असं वाटतं त्याला दिसतच असतं, वयच ते. मी नऊवारीतली बाई, मला पाठीवर काय घट्ट नि काय सैल ते कळतं, मी तिला मागून पट्टा ओढून सारखा करून दिला. कडेची शिवण टोचत होती तिथं जुन्या धोतराच्या मऊ कापडाची चिंधी आतून टाचून दिली. मेजरांचा पट्टा म्हणून आधी त्यांना विचारलं हं. ते म्हणाले, “तुमचाच समजा आता.”

एक गंमत सांगते. तो पट्टा रोज धुवावा लागतो, घामाचं मीठ बसलं की खराब होतो. मंदा धुवायची आणि वाळत घालायची कुठं, तर दोरीवर टॉवेलखाली. आपण बायका आतले कपडे घालतो तसंच, कुणाला दिसायला नको. दोन दिवसांत त्याला कुबट वास यायला लागला. मी टॉवेल उचलला, पट्टा उन्हात दोरीच्या मधोमध टांगला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “हे काय वो काकू, बैलाची म्होरकी का काय?”

“न्हाई,” म्हटलं, “आमच्या पोरीच्या काळजाचा पट्टा हाय. बघून घे नीट.”

मंदा आतून डोळे मोठे करून बघत होती. पण दुसऱ्या दिवशी तिनंही टॉवेल काढला.

बाळू आला तेव्हा आम्ही त्याला घेऊन कालव्याच्या रस्त्यावर गेलो. सकाळची वेळ. थंडी अशी की बोटांची टोकं बधिर. कालव्याचं आवर्तन सुटलेलं, पाण्यावरून वाफ उठत होती. फोन बाळूच्या हातात. पट्ट्याचा आकडा फोनवर यायचा, पण ती लांब गेली की तो तुटायचा, म्हणून मेजरांनी तिला आमच्यासमोरच वर-खाली पळायला लावलं.  मी बाळूच्या शेजारी उभी राहून फोनमध्ये डोकावत होते. शंभर. एकशे वीस. ती जोरात सुटली, एकशे पन्नास, साठ, पासष्ट. आकडा उडी मारत नव्हता, अडत नव्हता, जिना चढल्यासारखा एकेक पायरी चढत होता. बाळूचा अंगठा फोनच्या कडेवर दाबून पांढरा पडला होता.

“थांबव तिला,” तो म्हणाला.

मेजरांनी हात वर केला. ती थांबली, कमरेवर हात देऊन उभी राहिली. आम्ही फोनकडं बघत राहिलो. आणि तो आकडा उतरायला लागला. सावकाश नाही हो, भराभर. एकशे साठ, पन्नास, चाळीस, तीस. मेजर म्हणाले, “बाळासायेब, वर किती गेलं ते लोकं बघत्यात. खाली कसं येतंय ते बघा. आसं उतरतंय ते काळीज तगडं आसतंय.”

बाळूनं फोन माझ्या हातात दिला, कालव्याकडं तोंड केलं, आणि नाक शिंकरलं. मोठ्यानं. मी पण फोनमध्येच बघत राहिले. मुलगा पाठ करून उभा असला की आईनं त्याच्या तोंडाकडं जाऊ नये.

तर अशी पोर पुन्हा पळायला लागली. कुणी मला विचारलं, आणि आता विचारतातही, पोरींच्या आया येतात, “काकू, मनगटाचं घ्यावं का छातीचं?” तर मी सांगते. नुसतं चालायचं-फिरायचं, झोपेत काळीज कसं चालतंय ते बघायचं, तर मनगटाचं पुरे, बांधायला सोपं, लाजायची भानगड नाही. पण दोरा, बांगडी, गोंदण बाजूला ठेवून, हाडाच्या जरा वर, घट्ट. आणि जीव तोडून पळायचं, आकड्यावर भरवसा ठेवून पळायचं, तर छातीचाच. ओला करून. आणि उन्हात वाळवायचा, उघड्यावर. आणि पोर पडली असेल तर आधी डॉक्टर, मग यंत्र. एवढं ऐकून त्या जातात. मला वाटतं, अजून काहीतरी सांगायचं राहिलं. ते त्यांना उभ्या उभ्या सांगता येत नाही.

ते असं की, यंत्र बरोबर झालं तरी बाळूचं भय गेलं नव्हतं. त्यानं फक्त मनगट सोडून छाती धरली. गोळ्यांनी रक्त भरलं, डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, म्हणाले आता बंधन नाही, मोकळं पळू द्या. पण बाळूला रोजचा आकडा लागायचा. तो कारखान्यावर असला तर तेजलनं फोनवर उमटलेल्या चढउताराच्या रेघेचा फोटो काढून पाठवायचा. फोटो उशिरा गेला की याचा फोन. रांगेतले बाकीचे ड्रायव्हर त्याची थट्टा करायचे, “काय बाळू, आज काळजाचा भाव काय फुटला?” तेजल पळायची, पण पळताना मला ती दावं लावलेल्या वासरासारखी दिसायची. सुटलेली, पण दाव्याच्या लांबीएवढीच. त्या वर्षी तिचं ग्राउंड निघालं, लेखीला थोडक्यात राहिली. पुढच्या भरतीला निघाली. आता तिकडं प्रशिक्षणात आहे, फोनवर म्हणते, “आज्जे, इथं पहाटे शिट्टी वाजली की आपल्या मेजरांची आठवन येती.” पण मला तिची निवड झाली तो दिवस इतका आठवत नाही. पेढे होते, फोटो होते, सगळे असतात तसे. मला त्या पहिल्या ग्राउंडच्या आधीच्या आठवड्यातली एक सकाळ आठवते.

बाळू रात्रभर ट्रॅक्टर चालवून तांबडं फुटताना घरी आला होता. डोळे लाल, केसांत उसाचं पाचट. चहासुद्धा घेतला नाही, तसाच आमच्याबरोबर कालव्यावर आला, फोन हातात घेऊन. तेजलनं पट्टा बांधलेला. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, बाळूनं फोन बघितला, आणि त्यात काही येईना. पट्टा पुन्हा ओला केला. फोन बंद करून चालू केला. काही नाही.

“सेल गेला आसंल पट्ट्यातला,” तेजल म्हणाली.

“दुकानात मिळंल?”

“गावात न्हाई मिळायचा. शिरूरला जावं लागंल.”

दुकानं उघडायला अजून किती वेळ. ग्राउंड तोंडावर. त्या दिवशी मेजरांनी तिला पूर्ण आठशे मीटर, अगदी ग्राउंडला पळायचं तसं, सगळी ताकद लावून पळायला सांगितलं होतं. इतक्या जोरात ती पडल्यापासून एकदाही पळाली नव्हती.

तेजल बापाकडं बघत होती. तिनं विचारलं, “मग, आज नको का?”

बाळू रस्त्याकडं बघत उभा राहिला. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, मागं लाल दिवे, टेपवर गाणी. त्या सगळ्या गेल्या. मला कळत होतं तो कुठं उभा आहे. तो कालव्यावर नव्हता, तो त्या वाफ्यात घोटाभर पाण्यात उभा होता. माझ्या तोंडाशी आलं होतं, जाऊ दे, उद्या पळंल. मी पदराचं टोक तोंडात धरलं. हे माझं बोलायचं नव्हतं.

त्यानं फोन खिशात टाकला. मग म्हणाला, “दम लागतोय, न्हाई लागत, तुझं तुला कळतंय न्हवं?”

“कळतंय.”

“डोळ्याम्होरं आलं तर?”

“थांबंन. खाली बसंन.”

“लाजंनं पळत ऱ्हायाची न्हाई.”

“न्हाई, पप्पा.”

“पळ.”

ती निघाली. पहिल्यांदा हळू, मग पुढच्या मोरीच्या पुलापासून सुटलीच. मी तिला अशी पळताना बघितलंच नव्हतं कधी. वेणी आडवी झालेली, पाय जमिनीला लागतायत का नाही. लांब गेली, बारीक झाली, वळून परत फिरली, आणि मोठी मोठी होत आमच्याकडं यायला लागली. बाळू रस्त्याच्या मधे उभा. हात खिशात गेला नाही. पापणी लवली नाही. ती त्याच्या पुढ्यातून सूं करून गेली, दहा पावलं पुढं जाऊन थांबली, गुडघ्यांवर हात टेकवून धापा टाकत राहिली. मग मान वर केली, तोंड लालबुंद, आणि सवयीनं विचारलं, “किती?”

विचारल्यावर तिचं तिलाच हसू आलं.

“कुनाला ठावं,” बाळू म्हणाला. “मी तुझ्याकडं बघत व्हतो.”